सुरतेची दिवेलागण

ह्यांनी मला पहिल्यांदा मारलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, आणि तेव्हापासून त्यांचा एक नियम होता. तोंडावर मारायचं नाही. तोंड फोटोत येतं.

हे बँकेत अधिकारी होते, सुरतेजवळच्या सचिन गावी, कारखान्यांच्या वसाहतीतल्या शाखेत. पण सुरतेतल्या मराठी मंडळींत त्यांची ओळख प्रवासवर्णनं लिहिणारे अविनाशराव अशी होती. किल्ले, रणांगणं, जुने तुरुंग, जिथं जिथं रक्त सांडलं तिथं हे जायचे आणि येऊन लिहायचे. कुणाचं मुंडकं कुठल्या पायरीवरून गडगडलं, कुणाला कुठल्या बुरुजावरून लोटलं, हे ते असं लिहीत की वाचणाऱ्याला आपल्याच मानेवरून हात फिरवावासा वाटे. प्रत्येक ठिकाणी मला आणि शर्वरीला खांबाशेजारी नाहीतर तोफेशेजारी उभं करून फोटो काढत. माणूस उभा केल्याशिवाय दगडाची उंची कळत नाही, म्हणत.

शर्वरी आमची एकुलती. तिच्यावर त्यांचा हात कधी पडला नव्हता. ती अगदी लहान असताना एकदा तिनं त्यांच्या लिहिलेल्या कागदांवर दूध सांडलं. त्यांनी हात उगारला, मी मधे गेले, आणि मग दार लावून जे व्हायचं ते माझं झालं. त्या संध्याकाळी देवापुढं बसून मी मागितलं, की माझं काय व्हायचं ते होऊ दे, हिच्या अंगाला बोट लागू नये. पुढं मी सोमवार धरले, संकष्टी धरल्या, चातुर्मासात एकवेळ जेवायला लागले, ते सगळं या एका मागणीवर. दार लागायचं, रेडिओ मोठा व्हायचा, आणि पलीकडच्या खोलीत शर्वरी अभ्यास करत असायची. तिला काही कळत नाही, असं मी धरून चालले होते.

ताराबाईला कळत होतं. ती लिंबायतच्या खानदेशी वस्तीतून आमच्याकडं भांड्यांना यायची, नवरा तिचा लूमवर, कापडाच्या मागावर. माझा पदर सरकला की दंडावरचे काळेनिळे वळ तिला दिसत.

"आमना मानूस बी मारस, ताई," एकदा राखेनं भांडी घासता घासता ती म्हणाली. "पन तो दारू पीसन मारस. तुमना साहेब तर चहा पीसन मारस."

"भांडी आवर," मी म्हटलं.

"आवरस ना. मी काय तुमना साहेबले सांगाले चालनी का?"

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात युरोपला जायचं ठरलं. सुरतेचीच एक यात्रा कंपनी होती. साड्यांचे आणि हिऱ्यांचे व्यापारी, त्यांची कुटुंबं, आणि बरोबर बन्सीलाल महाराज स्वयंपाकाला, पिठाच्या पोत्यांसकट. त्यांना वाटेत इतिहास सांगणारा माणूस हवा होता, आणि ह्यांचं गुजराती अगदी गोड. शर्वरीची दहावी नुकतीच झाली होती. आम्हा दोघींनाही न्यायचं ठरलं, कारण फोटोंना माणसं लागतात.

मला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. हॉटेलात तिघांना मिळून एक खोली असणार होती. लावायला दुसरं दार नव्हतं.

आणि त्यात अधिक महिना आला, अधिक ज्येष्ठ. अधिकात रोज दिवेलागणीला तुपाचा दिवा लावायचा आणि एकही दिवस चुकवायचा नाही, हा माझा नेम. मी वाती वळून डब्यात भरल्या, पितळी निरांजन पदराआडच्या पिशवीत ठेवलं. घरच्या देवांपुढं दिवा लावायला ताराबाईकडं किल्ली दिली. पण दिवेलागण नेमकी कुठली धरायची? शर्वरीनंच शाळेतल्या भूगोलावरून सांगितलं, की आई, तिकडं या दिवसांत रात्री नऊला सूर्य मावळतो, आणि प्रत्येक गावाची वेळ वेगळी. मग मी ठरवलं. माझे देव सुरतेत, माझी दिवेलागण सुरतेची. ताराबाई इकडं काडी ओढेल तेव्हाच मी तिकडं ओढीन. मनगटावरचं घड्याळ मी सुरतेवरच ठेवलं.

लंडनमधे ती वेळ भर दुपारी आली. तिथल्या जुन्या किल्ल्यात हे सगळ्यांना लाकडाचा ठोकळा दाखवत होते. त्यावर मान ठेवायची, आणि कुऱ्हाड बोथट असली की दोन-दोन, तीन-तीन घाव लागायचे. "पहिला घाव खांद्यावर बसला," हे सांगत होते, "आणि म्हातारी उठून पळायला लागली." बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मी हळूच बाहेर येऊन एका झाडाच्या बुंध्याशी बसले आणि निरांजन लावलं. थोड्या वेळानं हे बाहेर आले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, पण त्यांनी कॅमेरा काढला.

"मान जरा वर. वारा आहे, हाताचा आडोसा कर. हां. लेखात छान दिसेल."

पॅरिसला नदीकाठी मी दिवा लावला तेव्हा मागून कोकिलाबेन आल्या. साड्यांचे मोठे व्यापारी हसमुखभाई, त्यांच्या त्या पत्नी. अंगानं भरभक्कम, जीभ सैल.

"मंगलबेन, आ शुं? पुरुषोत्तम मासनो दीवो?" त्यांनी विचारलं. गुजरात्यांतही अधिक महिना पाळतात, फक्त पुरुषोत्तम म्हणतात. "अरे, आम्ही तो सगळं घरी सोडून आलो आणि तुम्ही इथं पुण्य एकल्या एकल्या गोळा करते?"

दुसऱ्या दिवशी कोकिलाबेन आणखी दोघींना घेऊन आल्या. मग त्या दोघींच्या जावा आल्या. बन्सीलाल महाराजांनी तुपाची बरणीच माझ्या हवाली केली. आम्ही रोम गाठलं तोवर सुरतेची दिवेलागण झाली की बसमधल्या साऱ्या बायका माझ्याभोवती गोळा व्हायच्या, टाळ्या वाजवत धून म्हणायच्या, आणि मग पुरुषही येऊन हात जोडून उभे राहायचे. मला लाज वाटे. मी काही त्यांना बोलावलं नव्हतं.

रोमचं ते मोठं रिंगण पाहायला गेलो तो दिवस. ह्यांनी त्या जागेची महिनाभर तयारी केली होती. वाळू रक्त शोषून घ्यायला कशी टाकत, खालच्या भुयारातून सिंह दोराच्या पाळण्यानं कसे वर येत, आतडी बाहेर आलेल्या मेलेल्या माणसांना आकड्यानं ओढून कसं नेत. ते उंच दगडावर उभे राहून सांगत होते आणि त्यांचा आवाज घुमत होता. माझ्या घड्याळात वेळ झाली. मी मागच्या कमानीखाली सरकले. माझ्यामागून कोकिलाबेन, त्यांच्यामागून सगळ्या. धून सुरू झाली तसे पुरुषही वळले. शेवटी ह्यांच्यासमोर उरले ते एक आजोबा, ज्यांना चालवत नव्हतं.

परत बसकडं जाताना हसमुखभाई ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अविनाशभाई, तमारा सिंह करतां भाभीनो दीवो जोरदार." तुमच्या सिंहापेक्षा वहिनींचा दिवा भारी. सगळे हसले. हेही हसले. ते हसू मी ओळखत होते.

हॉटेलवर आल्यावर बाहेर अजून लख्ख ऊन होतं. हे शर्वरीला म्हणाले, "जा, आंघोळ करून घे. केस धू, नीट वेळ घे." न्हाणीघराचं दार लागलं. पाणी सुरू झालं. रेडिओ नव्हता म्हणून ह्यांनी टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. मग कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा सोडवून घेतला. त्याला लोखंडी कडी होती. मी पलंगाकडं तोंड करून वाकले, कारण उभं राहिलं की पट्टा मानेपर्यंत येतो. पाठीवर, कमरेवर, मांड्यांच्या मागं. कडी बरगडीवर लागली तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला, तो मी चादरीत दाबला. टीव्हीवर कुणीतरी बाई खूप वेगानं काहीतरी विकत होती.

पाणी बंद झाल्याचं कळलंच नाही. शर्वरी दारात उभी होती, केसांतून पाणी गळत.

हे थांबले. पट्टा पिशवीला लावायला लागले. "काही नाही. पिशवी तुटलीय, ती बघत होतो."

"टीव्ही कशाला लावलात, बाबा?" शर्वरी म्हणाली. "तुम्हाला इटालियन कुठं येतं?"

त्यांनी टीव्ही बंद केला. माझ्याकडं वळून म्हणाले, "उद्यापासून दिवा बंद. माझ्या कार्यक्रमाचा तमाशा केलास." आणि खाली चहा प्यायला गेले.

शर्वरीनं माझ्या पाठीला ओला टॉवेल लावला. तो गरम झाला की पुन्हा भिजवून आणला. मग म्हणाली, "घरी रेडिओ मोठा झाला ना, की मी पाढे म्हणते. मोठ्यानं. सतराचा म्हणते, तो अवघड आहे म्हणून."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं मी चादरीत आवाज दाबला, तो कुणासाठी?

"आई, नको ना लावू दिवा," ती म्हणाली. "सहलीचे चारच दिवस उरलेत. देव समजून घेईल."

तिला काय सांगणार? तो दिवा मी तिच्यासाठी लावत होते. तिच्या अंगाला बोट लागू नये या मागणीवर तो नेम होता, आणि आता तर दाराचा आडोसाही गेला होता. ती आणि तो पट्टा एकाच खोलीत होते. अशा वेळी नेम मोडला तर तिला राखणार कोण? मी आपलं असं साधं धरलं. माझ्या अंगावर आणखी चार वळ उठतील, एवढंच. त्याची मला सवय होती.

दुसऱ्या दिवशी पाँपेई. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते गाव. दगडी रस्त्यांत रथाच्या चाकांच्या चाकोऱ्या अजून आहेत, दुकानांचे कट्टे आहेत, भट्ट्या आहेत. काचेआड राखेत मेलेल्या माणसांचे आकार ठेवलेत. एक बाई पोट धरून पालथी पडलेली, एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन तोंडावर हात घेतलेला. हे त्यांच्यापुढं उभे राहून सांगत होते, श्वासातून गरम राख कशी आत गेली, फुप्फुसं कशी भाजली. आज त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावून घेतलं होतं आणि मधूनमधून माझ्याकडं बघत होते.

वेळ झाली. मी पुढच्या गल्लीत एका घरात शिरले. छप्पर नव्हतं. आणि समोरच्या भिंतीत मला देव्हारा दिसला. खरंच देव्हारा. भिंतीत कोनाडा, वर छोटं शिखर, आणि खाली रंगवलेले दोन नाग, आपण नागपंचमीला भिंतीवर काढतो तसे, समोरासमोर तोंडं केलेले. दोन हजार वर्षांपूर्वी इथं कुणीतरी बाई रोज काहीतरी ठेवत असेल. राख आली त्या दिवशीही तिनं ठेवलं असेल. माझे हात आपोआप जोडले गेले. मी निरांजन त्या कोनाड्यात ठेवलं आणि काडी ओढली.

मागं कोकिलाबेनची चाहूल लागली, मग सगळ्यांचीच. धून सुरू झाली.

शिट्टी वाजली. गणवेशातला रखवालदार धावत आला. तो ओरडत होता, कोनाड्याकडं बोट दाखवत होता. जुन्या रंगाला काजळी लागेल म्हणत असणार, आणि त्याचं बरोबरच होतं, हे मला नंतर सुचलं. त्याच्यामागून हे आले. आधी रखवालदाराशी इंग्रजीत बोलले, हसून, मान झुकवून, पुन्हा पुन्हा माफी मागत. तो फुंकर मारून दिवा विझवायला गेला तर मी मधे हात घातला. फुंकरीनं दिवा विझवत नाहीत.

ह्यांनी मला तोंडावर मारलं.

सगळ्यांसमोर, उन्हात, उघड्या घरात. निरांजन उलटलं आणि कढत तूप माझ्या मनगटावर सांडलं. टाळ्या थांबल्या. मी कोनाड्याच्या कडेला धरून उभी राहिले. ह्यांनी पुन्हा हात उचलला, पूर्ण मागं नेऊन, आणि तो खाली यायच्या आत शर्वरी मधे आली होती.

पंजा सपाट तिच्या कानावर बसला. फुगवलेली कागदी पिशवी फोडावी तसा आवाज झाला. ती उंबऱ्याच्या दगडावर पडली, उठायला गेली आणि पुन्हा पडली, जमीन हलत असल्यासारखी. तिच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ निघाली आणि गळ्यापर्यंत गेली.

हसमुखभाईंनी ह्यांना मागून मिठीत धरलं. "बस, अविनाशभाई, बस." हे आपल्या पंजाकडं बघत होते. रखवालदार टोपी काढून भिंतीला टेकला होता. कोकिलाबेननी आपल्या साडीच्या पदरानं शर्वरीचा गळा पुसला आणि मग त्या रक्त लागलेल्या पदराकडं बघत राहिल्या.

बसमधे ह्यांनी कंपनीच्या व्यवस्थापकाला सांगितलं, की ऊन फार होतं, पोरीला चक्कर आली. संध्याकाळी जेवताना मी ऐकलं, लोक एकमेकांना तेच सांगत होते. ऊन फार, नाही का. जे तिथं होते, तेही सांगत होते. कोकिलाबेन माझ्याशेजारी येऊन बसल्या, माझ्या मनगटाला मलम लावलं आणि हळूच म्हणाल्या, "दीवो न कर्यो होत तो सारुं हतुं, बेन." दिवा लावला नसता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सुरतेची दिवेलागण झाली तेव्हा आम्ही बसमधे होतो. शर्वरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. घड्याळ मला दिसत होतं. मी उठले नाही.

सुरतेला परत आलो. शर्वरीच्या कानातून पाणी येऊ लागलं होतं आणि त्या बाजूनं हाक मारली तर तिला ऐकू येत नव्हतं. डोक्यात सारखा लूमसारखा खडखडाट चालतो, म्हणायची. मी ह्यांना म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडं नेऊ या.

"कार्यक्रम होऊ दे," ते म्हणाले. रविवारी संध्याकाळी मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान होतं, पडद्यावर फोटो दाखवून. "डॉक्टर विचारेल कसं झालं. काय सांगशील?"

"पडली म्हणून सांगेन."

"पडल्यावर कानाच्या आत लागतं का? अडाण्यासारखं बोलू नकोस. कापूस घाल."

"तिला ऐकू येत नाहीये."

"एक कान आहे ना दुसरा."

मी ताराबाईबरोबर तिला गुपचूप न्यायचंही ठरवलं, पण ह्यांनी रजा घेतली होती. दिवसभर घरात लिहीत बसायचे. शर्वरीला मंचावर उभं करायचं, तिनं एकेक फोटो पुढं सरकवायचा, आणि शेवटी दोन वाक्यं बोलायची, बाबांमुळं मला इतिहास जिवंत दिसला, असं त्यांनी योजलं होतं.

रविवारची दुपार. अधिक संपत आला होता. वाणाच्या अनारशांसाठी मी तांदूळ भिजवून वाळवले होते आणि स्वयंपाकघरात खाली बसून लोखंडी खलबत्त्यात कुटत होते. ताराबाई मागच्या अंगणात कपडे धूत होती. हे चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातल्याच जेवणाच्या टेबलाशी बसले आणि आम्हा दोघींना वाचून दाखवू लागले. पाँपेईचा भाग.

फार सुंदर लिहिलं होतं. माझी अर्धांगिनी त्या प्राचीन देव्हाऱ्यापुढं दिवा लावते, रखवालदार धावत येतो, पण ती ज्योत पाहून त्याचे पाय थबकतात, तो टोपी काढतो, आणि दोन हजार वर्षांनी त्या घरात पुन्हा सांज होते. वाचताना त्यांचा आवाज भरून आला होता. तो खोटा नव्हता. त्यांना खरंच तसं दिसत होतं.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी या बाजूला बसलेय," शर्वरी म्हणाली. "या कानानं येत नाही. पुन्हा वाचा."

"चावटपणा पुरे."

"नाही, खरंच. टोपी काढली तिथपासून वाचा. त्यानं टोपी काढली तेव्हा मी खाली पडले होते ना? ते आलं का त्यात?"

"शर्वरी," मी म्हटलं.

"आज मंचावर दोन वाक्यं बोलायचीत मला. मी तेच बोलेन. तेवढा एक भाग राहिलाय, तो मी सांगते."

ह्यांनी कप खाली ठेवला. कागद नीट जुळवून कपाच्या दुसऱ्या बाजूला ठेवले, सांडू नये म्हणून. मग उठले. शर्वरी खुर्चीतून हलली नाही. मागं भिंत होती आणि पुढं टेबल, हलायला जागाही नव्हती. त्यांनी तिचे केस मुठीत धरून डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. मग केस धरूनच उजवा हात मागं नेला. त्याच कानाची बाजू.

मी उठले कधी ते मला माहीत नाही. बत्ता माझ्या हातात होता, पिठानं पांढरा झालेला. मी तो त्यांच्या उगारलेल्या हातावर घातला, मनगटाच्या वर. सुकलेली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. हात खाली लोंबला. ते ओरडले नाहीत, त्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं, घरात कुणी परकं माणूस शिरल्यासारखं, आणि गुडघ्यावर बसले. शर्वरीचे केस त्यांच्या डाव्या मुठीतून सुटले होते.

तिथं थांबता आलं असतं. हात मोडला होता, आता तो कुणावर पडणार नव्हता. मी बत्ता पुन्हा उचलला आणि त्याच हातावर पुन्हा घातला, त्यांनी तो जमिनीवर टेकला होता तिथं. या वेळी बोटांवर. तेव्हा ते ओरडले. फरशीवर पीठ होतं आणि त्यात रक्त मिसळून गोळे झाले. मी तिसऱ्यांदा हात वर नेला. माझ्या मनात राग नव्हता. तांदूळ कुटताना असतं तसं होतं, अजून बारीक व्हायला हवं, एवढंच.

"आई, बास," शर्वरी म्हणाली. तिनं मागून माझ्या कमरेला मिठी घातली होती आणि मला ओढत होती. "आई, बास. मरतील ते. आई."

ताराबाई ओल्या हातांनी दारात उभी होती.

"ताई, तो बत्ता मनाकडे द्या," ती म्हणाली. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. मग शर्वरीचं डोकं चाचपलं, रक्त नाही ना पाहिलं, आणि रिक्षा आणायला गेली.

रिक्षात मी मधे बसले. एका बाजूला हे, हात माझ्या जुन्या पातळात गुंडाळलेला, दुसऱ्या बाजूला शर्वरी. रस्ताभर ह्यांचे दात दातांवर आपटत होते. एकदा म्हणाले, "काय सांगायचं?" इतकी वर्षं दवाखान्यात मीच सांगत आले होते. न्हाणीत पाय घसरला, शिवणाच्या यंत्राचं झाकण पडलं, जिन्यात अंधार होता. सांगायचं काम माझ्याकडंच होतं.

हाडांचा डॉक्टर तरुण होता, गुजराती. त्यानं पातळ उलगडलं आणि डोळे बारीक केले. "केवी रीते थयुं?" कसं झालं?

हे माझ्याकडं बघत होते, अगदी विश्वासानं.

"मी मारलं," मी म्हटलं. "बत्त्यानं. दोनदा."

डॉक्टर थोडं हसला, मग हसायचा थांबला. "पड्या हशे ने, मासी?" पडले असतील ना, मावशी?

"नाही, पडले नाहीत. आणि या मुलीचा कान यांनी फोडलाय, परदेशात असताना. आज डोकं भिंतीवर आपटलं. ह्यांचा हात कुठं जात नाही. आधी तिला बघा."

हे म्हणाले, "मंगल." फक्त तेवढंच, हलक्या आवाजात. संध्याकाळी मंडळात लोक जमायचे होते.

"पुन्हा तिच्या अंगाला हात लावलात तर मी दुसराही मोडीन," मी त्यांना सांगितलं. माझा आवाज चढला नव्हता. डॉक्टरलाच तो ऐकायला पुढं वाकावं लागलं.

कानाच्या डॉक्टरला बोलावलं. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं की इतके दिवस कुठं होता. पडदा फाटलाय, आत पू झालाय. औषधानं पू जाईल, पडदा कदाचित शिवावा लागेल. ऐकणं पूर्ण येईल असं सांगता येत नाही. डोक्याचा फोटो काढला, तो ठीक होता.

मग आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. आत ह्यांचं हाड बसवत होते आणि त्यांचा आवाज दारातून येत होता. शर्वरी भिंतीला टेकून समोर बघत बसली होती. कानावर पांढरी पट्टी होती. कपाळावर केसांची बट आली होती, तिला अजून पीठ लागलेलं होतं, माझ्याच हाताचं.

"दुखतंय का ग?" मी विचारलं. मी तिच्या पट्टीच्या बाजूनं बोलले, म्हणून तिला ऐकू गेलं नाही.

मी ती बट मागं सारायला हात उचलला. शर्वरीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि बाकाच्या कडेला सरकली.

मी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला, तिला दिसेल असा. ती बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिली.